माणिकचा डावा हात

भटवाडी, घाटकोपर
१० एप्रिल १९५६

चि. गुणाजीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि. आंबे पाठवशील तेव्हा पेंढा जास्त घाल, गेल्या साली निम्मे चेचले होते. इकडे माझ्या जिवाला घोर लागला आहे. आपली नात माणिक नळाच्या चौथऱ्यावरून घसरून पडली. मानेला हिसका बसला, डोक्याला टेंगूळ आले. हळद लावली, तर संध्याकाळी परत खेळायला पळाली. सहदेव म्हणतो, बाबा, सहा वर्षांचे पोर पडायचेच, तुम्ही उगाच घाबरता.

पण कालपासून पोरगी हट्टाला पेटली आहे. डाव्या हाताने जेवते. आपल्या घरात असे कोणी केले आहे का? मी रागावलो, तिने ऐकले नाही. शेवटी जेवताना तिचा डावा हात पंच्याने बांधला, तर ताटापुढे नुसती बसून राहिली. सूनबाई कुंदा माझ्याशी बोलत नाही. या हट्टावर काही उपाय असला तर कळव. लोभ आहे तसा राहू दे.
तुझा दशरथ

नेरूर, १४ एप्रिल

ती. स्व. दादास,
गुणाजीचा सा. नमस्कार. वि. वि. पोस्टातच उभा राहून लिहितो आहे. माणिकला हॉस्पिटलात न्या, अशी तार आत्ताच केली. कारण तारेत मावले नाही, म्हणून हे पत्र.

दादा, रागावू नको. हा हट्ट नव्हे, तिला उजवा हात उचलवतच नसेल. आपल्या आबांना पक्षाघात झाला तेव्हा तू मुंबईला होतास. पहिल्या दिवशी तेही पेजेचा वाडगा डाव्या हाताने धरत होते. हा म्हाताऱ्यांचा आजार, हे मलाही माहीत आहे, पण पोरीच्या डोक्याला मार लागला आहे. पाणी पिताना ते ओठाच्या कडेने ओघळते का बघ. अंगारा, तेल करत बसू नका. कळवत राहा, जीव टांगणीला आहे.
तुझा गुणाजी

भटवाडी, २ ऑगस्ट

चि. गुणाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी तार आली तेव्हा तार म्हणजे मरणाचीच, असे धरून कुंदाने न वाचताच तुझ्यासाठी रडायला सुरुवात केली होती, हे तुला सांगायचे राहिलेच. वाचल्यावर मात्र ती चप्पल न घालता पोरीला घेऊन निघाली.

माणिक आता चालते. पाय थोडा ओढते, तोंड सरळ झाले. डॉक्टर म्हणतात, त्या हिसक्याने मेंदूकडे जाणाऱ्या शिरेला इजा झाली, तिथे रक्त गोठले, आणि पुढे रक्त पोचेना. लहान मुलांनाही असे होते. हाताला वेळ लागेल, पूर्वीसारखा होईलच असे नाही, तोवर डाव्याने करते ते करू द्या. कुंदा तिला रोज कणकेचा गोळा दाबायला देते. बोटे वळतात, पण घास धरवत नाही.

परवा तिने मला विचारले, बाप्पाला डाव्या हाताने फूल वाहिले तर चालते का. म्हणून यंदा आम्ही गणपतीला येत नाही. घर माणसांनी भरलेले असेल, कोणीतरी बोलेल, आणि पोर मनाला लावून घेईल. आधी मीच तिला कमी बोललो नाही. राग मानू नकोस, माया असू दे.
तुझा दशरथ

नेरूर, १३ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. नमस्कार. वि. वि. तुझे पत्र खिशात घेऊनच गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे, आपला पाट द्यायला गेलो होतो. मूर्ती अजून नुसत्या मातीच्या आहेत, रंग लागलेला नाही. बसलो बघत. दादा, इतकी वर्षे आपण आरत्या ओरडलो, पण नीट पाहिले नव्हते. मोदक डाव्या हातात, आणि सोंडही तिकडेच वळलेली. माणिकला सांग, बाप्पा स्वतःच डाव्या हाताचा मोदक खातो, त्याला तिचे फूल का चालणार नाही?

तेव्हा तुम्ही सगळे यायचे. पहिली दुर्वा माणिकच वाहील. तिचे पान माझ्या शेजारी मांडणार आहे, आणि त्या दिवशी मीही डाव्या हातानेच जेवणार. तुला बघवले नाही तर तू ओटीवर जाऊन बस, तुझे पान तिकडे पाठवू. वाट पाहतो.
तुझा गुणाजी