'आयडियल'चा खेळ अजून संपलेला नाही

प्रिय डर्व्हला,

चोरी मीच केली. राष्ट्रगीताची तबकडी पळवली, तीही आपल्याच थिएटरातून, ऐन शेवटच्या खेळाला. आधीच सांगून टाकतो, नाहीतर 'फेलिमनं आता काय दिवे लावले' म्हणत तू पत्र अर्ध्यात टाकून देशील.

हो, शेवटचा खेळ. 'आयडियल' विकलं बाबांनी. कॉगन घेतोय, मेंढ्यांचं खाद्य ठेवायला. आजोबांनी धान्याचं गोदाम रिकामं करून थिएटर काढलं, आता त्याचं परत गोदाम. बाबा म्हणाले, "चला, उंदरांची तरी सोय झाली." हसले नाहीत. मीपण नाही. खरं सांगू, कंटाळा आलाय गं. घरोघरी टीव्ही आलेत. रोज संध्याकाळी सगळ्या खुर्च्या पुसायच्या आणि बसायला येणार कोण, तर मिसेस गिलहूली आणि तिचा खोकला. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की हिरो काय बोलतो ते तिलाच ओरडून विचारावं लागतं. तिकिटाच्या पैशांऐवजी जॅमच्या रिकाम्या बरण्या घ्यायचो, पाद्रीबाबा बॅटरी घेऊन पोरापोरींच्या मधे बसायचे, ते दिवस गेले. आता पाद्रीबाबासुद्धा टीव्हीच बघतात.

पण शेवटच्या रविवारी अख्खं किलमोरन आलं. मयताला येतात ना, तसं. चांगले कपडे घालून. माझ्या मनात आलं, हे लोक आजही पळणार. सिनेमा संपत आला की बाबा तबकडीला हात घालणार आणि पहिला सूर निघायच्या आत सगळे दाराबाहेर, कारण सूर कानावर पडला की खांबासारखं उभं राहावं लागतं आणि तोवर पबमधली जागा जाते. जन्मभर हेच बघितलं. म्हटलं, आज नाही. आज तबकडीच नाही, बघू कशाच्या आधी पळता! उचलली आणि कोटात लपवली. एवढीच गंमत करायची होती, शपथ.

सिनेमा संपला. दिवे लागले. आणि कोणी हलेचना. तीस वर्षं ज्या गाण्याला घाबरून पळाले, त्याची वाट बघत सगळे बसून राहिले. बाबा वर मशीनच्या खोलीत खोकी उचकटत होते. खालून कोणीतरी ओरडलं, "काय मॅट, बायकोबरोबर तबकडीपण पुरलीस काय?" कोणी हसलं नाही. मग मिसेस गिलहूली उभी राहिली आणि तिनं सुरू केलं. सगळे उभे राहिले. दोन ओळी झोकात झाल्या. पुढचे आयरिश शब्द कोणाला येतात? शाळेत छड्या खाऊन तेवढंच टिकलंय. पुढं नुसतं हं-हं-हं.

बाबा वर मशीनच्या खोलीच्या खिडकीत माझ्याशेजारी ताठ उभे होते. ओठ मात्र हलत होते. मला वाटलं, यांना तरी येतंय! कान लावला. डर्व्हला, ते त्याच चालीवर म्हणत होते: ड्रोमॉड, लाँगफर्ड, मलिंगार, डब्लिन. तू गेलीस त्या गाडीची स्टेशनं. मग परत पहिल्यापासून.

आठवतंय ना, तू इथं होतीस तेव्हा एका रात्री त्या लाल केसांच्या पोराचा हात धरून गाण्याआधी पळालीस, आणि वरून बाबा ओरडले, "ज्यांना थांबवत नाही त्यांनी परत येऊच नये!" अगं, ते सगळ्या गावाला ओरडले होते. रोजच ओरडायचे. तू एकटीनंच ते मनावर घेतलंस, आणि पुढच्याच आठवड्यात डब्लिनला जाऊन परदेशी जाणाऱ्या बोटीत बसलीस.

आता कॉगन येऊन किल्ली मागतो. बाबा म्हणतात, "गाणं झालं नाही म्हणजे खेळ संपला नाही. खेळ चालू असताना किल्ली कशी देऊ?" आणि परत खोकी उचकटायला वर जातात. थकलेत गं. मला बघवत नाही. तबकडी ठेवून द्यायला दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. तू नसताना ती वाजली तर काय उपयोग?

म्हणून ती या पार्सलात तुला पाठवतोय. बाबांच्या लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळलीय, तेही चोरीचंच. तू ती घेऊन ये. स्वतः. सुई तूच ठेव, आणि या वेळी शेवटपर्यंत उभी राहा. मग देऊ दे त्यांना किल्ली आणि झोपू दे. तबकडी तुझ्याकडे कशी आली विचारलं तर काहीही थाप मार. त्यांना कळेलच, पण ते गिळतील. चोर मी आहे हे गावभर सांगितलंस तरी चालेल, मला आता काय त्याचं. पण बाबांना शब्द येत नाहीत आणि ते त्या चालीवर काय म्हणत होते, हे कोणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो, डर्व्हला. कोणालाच नाही. त्यांनासुद्धा नाही.

तुझाच उपद्व्यापी भाऊ,
फेलिम