पुढचं दार

बाबा, मळ्यावरचं आपलं घर पुढच्या आठवड्यात पाडणार आहेत. मालकाच्या नातवानेच काल फोनवर सांगितलं. काही हवं असेल तर शनिवारपर्यंत घेऊन जा, म्हणाला. मी पुढचं दार मागितलं.

ऐंशीच्या दशकात मिसिसिपीतल्या त्या कापसाच्या मळ्यावर आपण आलो ते तुम्हाला बोंडअळी कळत होती म्हणून. नोकरी मालकाची, घर मालकाचं, ग्रीन कार्डाच्या अर्जावर सहीही त्याचीच. लोक तेव्हाही त्या मळ्याला गुलामांच्या काळासारखं प्लँटेशनच म्हणत, आणि काळे कामगार कुणाकडेही गेले तरी मागच्या दाराशी उभे राहत. तसं कुणी त्यांना सांगत नसे, सांगावं लागत नसे. तुम्हाला ते बघवायचं नाही. गावी आजोबा पाटलाच्या परसात उभे राहायचे, धान्य वरून ओंजळीत पडायचं. माझी मुलं कुणाच्या मागच्या दाराने जाणार नाहीत, हे तुम्ही जेवताना इतक्यांदा म्हणायचात की आई हसायची, आता भाजी वाढू का, विचारायची.

त्या दिवशी तो आपल्या स्वयंपाकघरात बसलेला आहे. मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा काळा मुलगा, वडील-आजोबा याच मातीत राबलेले. आम्हाला लग्न करून मेम्फिसला जायचंय, हे मी नुकतंच बोलले आहे. आईने गॅस बंद केलाय. तेवढ्यात बाहेर मालकाचा पिकअप थांबतो. तुम्ही खिडकीतून बघता आणि मला मराठीत सांगता, "त्याला मागून जाऊ दे. पेपर्स अजून झालेले नाहीत." शब्द त्याला कळले नाहीत, तुमचा हात कळला. तो उठला. "वाट माहीत आहे, सर," एवढंच म्हणाला. मी चपला घातल्या. "मग मीही मागूनच जाते, बाबा."

दारावर थाप पडली. तुम्ही माझ्या पायांकडे बघत होतात. मग जाऊन पुढचं दार सताड उघडलंत आणि मालकासमोर, त्यालाही समजावं म्हणून इंग्लिशमध्ये म्हणालात, "दोघंही इथूनच जा." आम्ही मालकाच्या अंगावरून गेलो. त्याने वाट दिली नाही, तिरकं व्हावं लागलं.

कापूस वेचून होताच तुमची नोकरी गेली, घर गेलं, अर्जही गेला. दूर उत्तरेत, नोव्हाय शहरात एका काकांच्या बेसमेंटमधून तुम्ही पुन्हा सुरुवात केलीत. लग्नाला मात्र आला नाहीत. बाबांना बरं नाहीये, असं आईने फोनवर सांगितलं, आणि मागे तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. तुम्ही कुणाला तरी बोंडअळीबद्दल सांगत होतात.

शनिवारी आम्ही पिकअप घेऊन निघू. दार लावणार कुठे ते ठरलेलं नाही. आमच्याकडे सगळे गराजमधूनच घरात शिरतात. मुलं सोबत येतायत. त्यांना मी आजवर दारापर्यंतचीच गोष्ट सांगितली आहे. लांबची ड्राइव्ह आहे, वाटेत कुणीतरी विचारेलच, मग आजोबा लग्नात नाचले का.