थोपवून धरलेला तुरा

चाळीसगाव, ४ सप्टेंबर

ती. अक्कास,
प्रशीलचा सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तू 'हो, हो, बघते' म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. नाना आता मला माझ्या सासऱ्यांच्या नावाने हाक मारतात. तुझं नाव अजून घेतात, तोवर येऊन आठ दिवस राहा. रविवारी तासभर येऊन गेलीस, ते संध्याकाळपर्यंत विसरले. धुळं काय सातासमुद्रापार आहे? मी पार थकलो गं.

लोभ आहेच, तो जरा घरी येऊन कर.
प्रशील

धुळे, ९ सप्टेंबर

चि. प्रशील, अ. आ.

रागावलास ते बरोबरच. पण इथे ऊस संशोधन केंद्रात दिवे आपोआप लावणारं यंत्र जळलंय, मदतनीस चिंधाभाऊ निवृत्त झाले, त्यांची जागा भरलेली नाही. दिवस लांब वाटला की उसाचा तुरा थांबतो, लहान वाटला की येतो. म्हणून लवकर तुऱ्यावर येणाऱ्या उसाला मी रोज संध्याकाळी दिव्यांखाली थोपवते आणि उशिराच्या उसाच्या गाड्या अंधाऱ्या खोलीत ढकलते. दोघांचा तुरा एकदम आला तरच संकर होतो. आठ दिवस सोडलं की वर्ष गेलं, आणि याच जोडीमागे मी किती वर्षं घालवलीत ते तुला ठाऊक आहे. महिनाभर थांब. नानांशी माझ्याबद्दल बोलत राहा.

राग धर, पण माया सोडू नकोस.
तुझी अक्का

चाळीसगाव, १४ सप्टेंबर

ती. अक्कास, जय भीम, वि. वि.

बोललो तुझ्याबद्दल. अक्का धुळ्याला उसाला तुरा आणते म्हटलं, तर नाना काठी घेऊन उठले. तुरा आला की ऊस पोकळ होतो म्हणून जन्मभर शिव्या घातल्या त्यांनी. म्हणाले, "हाकली दे तिले वावरमाईन." मला हसू आलं. मग हळूच विचारलं, "ती बाई कोन शे?" तुमची संघमित्रा, म्हटलं. पुन्हा तेच विचारलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लोभ असू दे म्हणायचंही त्राण नाही.
प्रशील

धुळे, १८ सप्टेंबर

चि. प्रशील, अ. आ.

दिवे बंद केले. लवकरचा ऊस आता एकटाच तुऱ्यावर येईल. मी थोडी रडले. नानांना थोपवायला माझ्याकडे दिवा नाही.

शनिवारच्या पॅसेंजरने येते, राहायला. लोभ, माया, जे काय मागायचं ते तिथेच मागेन. नानांना मुलगी येतेय असं सांगू नकोस, उगाच गोंधळतील. तुरा आलेला ऊस तोडायला बाई लावलीय म्हण, म्हणजे घरात घेतील.

अक्का