आडवं पडलं की बरं वाटतं

४ नोव्हेंबर
पडून राहिलं की बरं आणि उठून बसलं की जीव जातो, असं दुखणं कोणतं? घरमालकीण जैतुनबींनी आल्या आल्या विचारलं. बघून सांगते, असं मी म्हटलं.

दिवस छान गेला. रोशन गेटच्या आतल्या गल्लीत वरची खोली मिळाली आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसतात. गावाहून, लासूर स्टेशनहून, अण्णा माझी ट्रंक घेऊन आले होते. आमच्या घरात पहिली पदवी माझी, नर्सिंगची. अण्णांनी जैतुनबींना ती दोनदा ऐकवली. "हौ भाई, सुन ली मैं. अब उसकू चाय तो पीने दो," त्या म्हणाल्या. उद्यापासून क्रांती चौकाजवळच्या एका खासगी दवाखान्यात रुजू व्हायचं आहे.

दुखणं त्यांच्या सुनेचं आहे. गुलशन खालच्या खोलीत असते, नुकतीच बाळंत झालीय.

६ नोव्हेंबर
गुलशनला पाहिलं. माझ्याच वयाची. पडलेली असली की हसते, मुलीला पाजते. उठवलं की मान ताठ, उलट्या, कानांत दडे. मी तिला दोन-दोन दिसते म्हणाली. छटीला, सहाव्या दिवशी, न्हाऊ घालून पाहुण्यांत बसवलं, तेव्हा कोसळलीच. बाळंतिणीला पाणी जास्त देऊ नये म्हणून पाणीही घोटभरच. आमच्याकडे आईसुद्धा हेच करते.

बाळंतपण ऑपरेशनने झालं का, असं मी विचारलं. हो, पाठीत भूल दिली होती. तिथंच उमगलं! सुईचं भोक नीट बुजलं नाही की मेंदूभोवतीचं पाणी झिरपत राहतं. दाब उतरतो, आणि उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो. मी भराभरा सांगितलं: पडून राहायचं, पाणी भरपूर, कडक कॉफी, आणि तरी थांबलं नाही तर भुलीच्या डॉक्टरांकडे.

"बीमारी का नाम मिल गया तो इत्ती खुश काय कू हो रई बेटा?" जैतुनबी म्हणाल्या. मी ओशाळले.

निघताना गुलशन हळूच म्हणाली, पडलं की पाठीला गार लागतं, कुणी तोंड लावल्यासारखं. घाम असेल, असं मी म्हटलं.

९ नोव्हेंबर
पाणी आणि कॉफीने भागलं नाही. जैतुनबी सुईला तयारच नव्हत्या. जिथं छेद झाला तिथंच पुन्हा सुई? नक्को. शेवटी मी शब्द दिला, हिला काही होऊ देणार नाही.

आमच्या दवाखान्यातल्या भुलीच्या डॉक्टरांनी तिच्याच दंडातलं रक्त घेऊन पाठीत, त्या भोकाजवळ सोडलं. रक्त गोठतं आणि भोक बुजतं. थोडा वेळ पडून राहिली, मग स्वतः उठून बसली. माझ्याकडे बघत म्हणाली, "द्वारका, तू तर एकच आहेस की गं!" जैतुनबी हसता हसता रडल्या. यासाठीच शिकले मी.

११ नोव्हेंबर
गुलशन मुलीला घेऊन जिना चढून आली. आता पाठीला गार लागत नाही म्हणाली.

मला लागतं.

रात्रपाळी करून दुपारी झोपले होते. जाग आली तर पाठ ओली. उठून बसले आणि डोकं मागून खाली कुणीतरी ओढावं तसं — पुन्हा पडले. थांबलं.

माझ्या पाठीत कुणी सुई घातलेली नाही.

१२ नोव्हेंबर
सुईशिवायही तो पडदा फाटतो, क्वचित. भुलीचे डॉक्टरही तेच म्हणाले. एमआरआय करू म्हणाले. मी हो म्हटलं.

घरी येऊन जैतुनबींना पाठ दाखवली. मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका, ओला. बहूची पण अशीच होती, म्हणाल्या. पण तिला सुई दिली होती, मी म्हटलं. मग त्या माझ्याकडे बघेनात.

आडवं पडलं की बरं वाटतं. का वाटतं? कारण पाठीला जे तोंड लावतं, त्याला आपण आडवे हवे असतो. आणि गुलशनला पडून राहा म्हणून मीच —

पडणार नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ
रात्रभर खुर्चीत. ओकारी. कानांत दडे. सगळं दोन-दोन. दोन खिडक्या, दोन ट्रंका.

दारात जे उभं आहे ते एकच.

दुपार
आता दारात कुणी नाही. बरं वाटलं, क्षणभर.

मग खालून गुलशनची किंकाळी. भिंतीला धरत उतरले. ती ठीक आहे. पण मुलीची पाठ ओली. झबलं ओलं. मी पडले नाही म्हणून ते हिच्याकडे — आणि ती तर सदा उताणीच —

जैतुनबींना म्हटलं, आधी दवाखान्यात न्या, आत्ता, आणि मग फर्दापूरला, गुलशनच्या माहेरी. इथं परत आणू नका. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

वर खिडकीत आले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी. मुलगी रडतेय. दार अजून रिकामंच. ते तिच्यामागे —

शब्द दिलाय मी.

आतून कुलूप घातलं. किल्ली खिडकीतून खाली टाकली. कबुतरं उडाली. आणि आडवी झालेय. उताणी नाही, कुशीवर. पाठ दाराकडे.

रडणं थांबलं मुलीचं. माझं डोकं दुखणंही. किती बरं वाट— गार —