घोडीचे कान

देवळाली प्रवरा
दि. ८ ऑक्टोबर २०२५

चि. संस्कृती हीस आजी लंकाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला आजी आहे हे आठवत असेल तर पुढचं वाच. पोहोचल्यावर कळवते म्हणून गेलीस, त्याला महिना होत आला. घोड्यावरून निघाली असतीस तरी एव्हाना पुणं आलं असतं. फोन केला की तुझी मिटिंग असते, म्हणून तुझ्या आईला लिहायला बसवलं आहे. मी सांगते माझ्या बोलीत आणि दिपाली लिहिते नीटनेटकं करून. मला वाचता येत नाही याचा ती फायदा घेते.

तू कॉम्प्युटरवर दाखवलेला तो जुन्या राजांच्या काळातला खेळ डोक्यातून जात नाही. घोडी वळवावी तिकडे मुलूख, नदी, किल्ला, रान, कुठे कुंपण म्हणून नाही. घोडीच्या मानेवर घाम चमकतो, शेपटीने माश्या हाकलते. आणि ती तलवारीची मारामारी! ढालीवर वार बसला की गडी मागे सरकतो, चार वार केले की दमतो, त्याचा हात खाली येतो. इतका खरा दमलेला माणूस मी सिनेमातही पाहिला नाही. हा खेळ माझ्या नातीच्या कंपनीत होतोय आणि त्यातली घोडी नातीने केली, हे गल्लीत दोनदा सांगून झालं.

पण एक राहिलं. तुझ्या बापासमोर बोलले नाही. लढाईत तुझी घोडी पडलेल्या माणसांवर पाय देत सरळ गेली. घोडं तसं करत न्हाई, बाई. माझे वडील भीमा टांगेवाले कोपरगाव स्टेशनवरून सवाऱ्या न्यायचे. त्यांची घोडी चिमणी. एकदा लगाम धरून चालताना वडील चिखलात घसरले आणि तिच्या पुढ्यातच पडले. लोकांनी त्यांना ओढून काढेपर्यंत चिमणी उचललेला पाय तसाच वर धरून उभी राहिली. लढाईच्या घोड्यांना मारून-मुटकून शिकवीत असतील, पण तुझी घोडी तशी दिसत नाही. विचार कर.

वेळेवर जेव. माया इकडे भरपूर आहे, तिकडची तेवढी कळव.

तुझी आजी
(हस्ते दिपाली)


पुणे
दि. १५ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

चूक कबूल. पण त्या दिवशी खेळायला बसल्यावर तू काय केलंस, ते तूही विसरलीस. ऐन लढाईत घोडी घामाघूम झाली म्हणून खाली उतरलीस आणि लगाम धरून तिला सावकाश फिरवायला लागलीस. मागून भालेवाले येऊन तुला पाच वेळा मारून गेले, तरी तुझं फिरवणं चालूच. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले, फक्त आमचे मुख्य वाल्मिक सर हसले नाहीत. ते म्हणाले की इतक्या जणांनी खेळून पाहिलं, पण घोडीला दम लागलाय हे कोणाच्या मनात आलं नाही.

आता खरी गोष्ट. घोड्यावरची लढाई खेळात ठेवायची की काढायची, हे ठरायचं आहे. परदेशातली एक कंपनी आमचा खेळ बाजारात आणणार आहे. तिचा माणूस दहा नोव्हेंबरला येतो. मागच्या वेळी तो म्हणाला होता की घोडी मोटरसायकलसारखी चालते. या वेळीही पटली नाही तर घोडी जाणार आणि तिच्यामागे मीही. पप्पांनी सुप्याच्या कारखान्यात माझ्यासाठी ऑफिसची जागा बघून ठेवली आहे. मम्मीने ते पत्रात लिहिलं नाही, तरी मला माहीत आहे.

तू म्हणालीस तसं केलं. आता ती पडलेल्यावर पाय देत नाही, पण थबकते. पाच माणसं पडली की पाच वेळा थबकते. वरचा तलवार उगारून हटवादी बैलावर बसल्यासारखा दिसतो. भरगर्दीतून चिमणी कशी जायची, तेवढं आठवून सांग. दिवाळीला येणं जमणार नाही. रागाव, पण थोडंच.

तुझीच संस्कृती


देवळाली प्रवरा
दि. २७ ऑक्टोबर २०२५

चि. संस्कृती हीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वाटणीच्या करंज्या मी खाल्ल्या, त्यामुळे राग उरला नाही.

डोळे मिटून चिमणीला आठवलं. कोपरगावच्या बाजाराच्या दिवशी पाट्या, शेळ्या, लेकुरवाळ्या बाया, या सगळ्यांतून टांगा जायचा. कोणाला खूर लागला नाही आणि ती थांबायचीही नाही. तिचं आधीच ठरलेलं असायचं. पहिल्यांदा एक कान तिकडे वळायचा, मग मान, मग खांदा. पाय सगळ्यात शेवटी. वडील रस्त्याकडे कमी आणि तिच्या कानांकडे जास्त बघायचे. कान वळला की लगाम सैल. मग ती खांद्याने माणसाला हलकेच बाजूला सारून निघून जायची. एकदा चुलते टांग्यावर बसले आणि लगाम ओढत राहिले, तर भर चौकात खांबासारखी उभी राहिली. तुझी घोडी पायांनी ठरवते, तिथं खोट आहे. तिला कानांनी ठरवू दे. आणि वरचा ओढत बसला तर खुशाल थांबू दे. त्याला कळू दे चूक कोणाची ते.

तुझ्या बापाशी बोलले. ज्ञानेश्वर म्हणतो, खेळ तो खेळ, सुप्याची नोकरी ती नोकरी. मी म्हटलं, तुझ्या पोरीने हवेतून घोडी उभी केली, तुला आजवर एक गोठा सरळ उभा करता आला नाही. तुझी आई हे लिहिताना हसते आहे.

दहा तारखेला घाबरू नको. आशीर्वाद पत्रात मावतील तेवढे घातले आहेत.

तुझी आजी
(हस्ते दिपाली)


पुणे
दि. १२ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

परवा तो माणूस आला. आमच्याकडे नियम असा की खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, त्याचं त्याने शोधायचं. तो लढाईत शिरला आणि लगाम ओढला. घोडी थांबली, भाला लागला, तो पडला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. वाल्मिक सर जमिनीकडे बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की कान बघ, पण ओठ दाबून उभी राहिले. मनात सुप्याची बस किती वाजता असते, तेही येऊन गेलं.

चौथ्यांदा त्याने पाणी प्यायला लगामाच्या बटणावरचा हात काढला. लगाम आपोआप सैल झाला आणि घोडीचा डावा कान वळला. त्याने बाटली तशीच खाली ठेवली. मग मान वळली, मग खांदा. ढालवाल्याला बाजूला सारून ती आत शिरली आणि त्याचा तलवारीचा हात मोकळा झाला. वार करत तो या टोकाकडून त्या टोकाला गेला, आणि एकाही पडलेल्यावर पाय नाही. तिकडून वळून पुन्हा आला. तासभर त्याने तेच केलं, सगळ्यांचं जेवण राहिलं. शेवटी एवढंच म्हणाला की बाकीचे घोडेही असेच करा.

आजी, घोडी राहिली. मी राहिले. खेळाच्या शेवटी करणाऱ्यांची नावं येतात, त्यात तुझं घालायचं असं सर म्हणतात. कसं लिहू?

तुझीच संस्कृती


देवळाली प्रवरा
दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. संस्कृती हीस आजीचे लाख आशीर्वाद. वि. वि.

पत्र चार वेळा वाचून घेतलं. तो तिसऱ्यांदा पडतो तिथे तुझी आई दर वेळी थांबते आणि मला शेवट माहीत असून जीव टांगणीला लागतो.

नाव घाल, लंकाबाई असं. एवढ्या नावांत माझं कोणतं ते मला कळणार नाही, तेव्हा दाखवशील तेव्हा बोट ठेव. घोडी मात्र मी आपली आपण ओळखीन. मी नुसतं बसून सांगितलं. चिमणी तू कधी पाहिली नाहीस, तरी तिचा कान तू वळवलास. मला नाही असं काही करता आलं जन्मात.

तुझा बाप आता सुप्याचं नाव काढत नाही. शुगर फॅक्टरीवर ऊस घेऊन गेला तेव्हा सगळ्यांना सांगत होता की आमच्या मुलीची घोडी परदेशी चालली. शेजारचा गहिनीनाथ घरी विचारायला आला की विमानात कशी चढवणार. तुझ्या बापाने मान डोलावली, खुलासा केला नाही.

लोभ होताच, आता त्याला जरा मिजास आली आहे. सांभाळून घे.

तुझी आजी
(हस्ते दिपाली)

ता. क. तुझा बाप गावभर रिकाम्या हाताने सांगत फिरतो, ते बरं दिसत नाही. येणाऱ्या कोणाबरोबर दोन किलो पेढे पाठव. मला शुगर आहे, माझ्यासाठी वेगळी खारी पाठव, म्हणजे पेढे खाताना माझ्यावर कोणी लक्ष ठेवणार नाही.