गार गाडीला पाण्याच्या पट्ट्या

प्रिय दादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वाकून केलेला समज. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच.) तुझी, वहिनीची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेल, नसती तरी आम्हाला कळलं नसतं. इकडे सगळं ठीक. हे मुद्दाम कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर काही पाठवलं की पहिल्या दोन ओळी वाचून तू अंगठा दाखवतोस, आणि माझं म्हणणं साधारण तिसऱ्या ओळीपासून सुरू होतं.

विषय तू बाबांसाठी पाठवलेल्या विजेच्या गाडीचा आहे. त्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावं लागतं, टॅक्सीत त्यांना उलट्या होतात, म्हणून तू गाडी पाठवलीस. (स्वतः येण्यापेक्षा ते सोपं होतं, मला मान्य आहे.) गाडी गुणी आहे. पण मध्यंतरी तिला एक खोड लागली. चार्जिंगला लावावी, तर थोड्या वेळाने आपली आपण थांबायची आणि पडद्यावर उमटायचं की चार्जिंगचं सॉकेट तापलं आहे. बाबांनी हात लावून पाहिला, गार. मी लावला, गार. शेजारच्या काकूंनी कुणी न विचारता लावला, त्यांनाही गारच लागलं. पण बाबांचं म्हणणं, एवढी शहाणी गाडी खोटं कशाला बोलेल? शिवाय मुलाने पाठवलेली. ताप आतला असणार.

तुला माहीतच आहे, त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचा पहिला उपाय पाणी. त्यांनी मेन स्विच बंद केला, प्लग काढला आणि सॉकेटवर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली, आपल्या तापात ठेवायचे तशाच. मी शेजारी उभी राहून पुठ्ठ्याने वारा घालत होते. (हसू नकोस. दुसऱ्या दिवशी डायलिसिस आहे आणि गाडी अर्धीही भरलेली नाही म्हटल्यावर तूही घातला असतास. नसतास. असो.) गंमत अशी, की पट्ट्या ठेवल्या की गाडी आणखी लवकर थांबायची. मग बाबा आणखी पट्ट्या ठेवायचे. एका शुक्रवारी आम्ही अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. बाबांची पाळी चुकली आणि सोमवारपर्यंत त्यांचे पाय इतके सुजले की चपलेत मावेनात.

या सगळ्यात तू मात्र हजर होतास, हे मी कुणालाही सांगेन. गाडी तुझ्या फोनशी जोडलेली. इथे चार्जिंग थांबलं की तिकडे तुला निरोप जातो, आणि चहा उकळायच्या आत तुझा फोन. पाय सुजल्याचा निरोप पाठवणारं यंत्र बाबांना बसवलेलं नाही, तेव्हा त्याबद्दल तुला दोष देता येत नाही.

शेवटी सर्व्हिसच्या मेकॅनिकबाई आल्या. लॅपटॉप जोडून म्हणाल्या, सॉकेटमध्ये उष्णता मोजणारे दोन सेन्सर असतात. एक म्हणतोय बाहेरच्या हवेइतकंच, दुसरा म्हणतोय उकळतं पाणी. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोघांत एवढं अंतर कसं, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. (त्यांना भाऊ नसावा.) मग त्यांनी तारा सोडवल्या, मीटर लावलं आणि खुलासा केला. सेन्सर तापला की त्यातून वीज जास्त सहज वाहते, आणि त्यावरूनच गाडी उष्णता ओळखते. पण मागचं रबरी सील चिरलं होतं. त्यातून ओल आत गेली की विजेला ओलीतूनही वाट मिळते, आणि गाडीला वाटतं आपण पेटलो. म्हणजे आम्ही जितकं तिला गार करत होतो, तितकी ती तापत होती.

“काका, इथे पाणी कुणी घातलं?”

“हवा दमट आहे,” बाबा म्हणाले.

बाईंनी सगळं सुकवलं, सेन्सर बदलला, नवं सील मागवलं आणि ते येईपर्यंत थेंबभरही पाणी लागू देऊ नका, अशी तंबी दिली. पुढे आठवडाभर गाडी ठणठणीत, आणि तुझा फोनही नाही. मग एके दिवशी चार्जिंग परत थांबलं. मग परत. मेकॅनिकबाईंना मी फोनवर नाही नाही ते बोलले.

परवा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं. बाबा गाडीपाशी. मेन स्विच बंद, प्लग काढलेला, आणि सॉकेटच्या मागच्या बाजूला ते फडकं पिळत होते, अगदी बेताने, बाळाच्या तोंडात औषधाचे थेंब सोडावेत तसं. मग प्लग लावून पडदा बघत उभे राहिले. वर आले, शर्ट बदलला, केस विंचरले आणि फोनजवळच्या खुर्चीत बसले. फोन आला. “हो रे, परत तेच. नाही नाही, मला कसली घाई? तू बोल.” फोन ठेवून मला म्हणाले, “दादाचं गाडीवर बारीक लक्ष असतं हो.”

डायलिसिसच्या आदल्या दिवशी ते हे कधीच करत नाहीत, नेहमी नंतरच्या दिवशी. शिस्तीचा माणूस. मी रोज समोरच असते, त्यामुळे माझ्यासाठी केस विंचरण्याचा प्रश्न येत नाही.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
बहीण

ता. क. हे वाचून तुला दुसरी गाडी पाठवावीशी वाटेल. पाठवू नकोस.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात मेकॅनिकबाई सील घेऊन आल्या. बाबा झोपले होते, तोवर बसवून गेल्यासुद्धा. काम पक्कं झालंय. आता कितीही पाणी घातलं तरी गाडी थांबणार नाही आणि तुला कसलाही निरोप येणार नाही. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. बुधवारी आणि शनिवारी सकाळी ते खाली जाऊन येतील, शर्ट बदलतील आणि फोनजवळ बसतील.