तांब्या, बाटली आणि कोरडे डोळे

घोडेगाव, ता. नेवासा
चैत्र वद्य पंचमी, सन १९७१

ती. सौ. राहीअक्का हिस धाकट्या मुक्ताचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सर्व क्षेम आहे, राजूरकडचंही क्षेमच कळो. (क्षेम आहे असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. किती आहे ते पुढे वाचशीलच.) दाजींचा खोकला कसा आहे? विड्या खरंच सोडल्या, की तू घरात असलीस की सोडल्या आणि तू गोठ्यात गेलीस की पुन्हा धरल्या? तुझे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली असेल तर रेडी झाली की रेडा तेही कळव. आमच्याकडे विहिरीचा तळ दिसायला लागला आहे, बाकी बैल, माणसं आणि केशरबाई ठणठणीत आहेत.

पुष्पाचं लग्न वैशाखात धरलं आहे, हे तुला कळलंच असेल. सासूबाईंचं वर्ष व्हायच्या आत उरकायचं ठरलं. मुलगा केडगावचा, गोरक्ष नावाचा, नाकीडोळी नीटस आणि कमी बोलणारा. (कमी बोलणारा जावई आणि त्याची भरपूर बोलणारी आई, असा जोड मिळाला आहे.) आमंत्रण द्यायला हे स्वतः राजूरला येतील. पण त्याआधी माझी जी शोभा चालली आहे ती मला तुला लिहून कळवायची आहे, कारण ह्यांच्या तोंडून ऐकलीस तर दोन वाक्यांत संपेल आणि त्यात माझी काहीच बाजू नसेल.

सुरुवात सासूबाईंपासून. दोन वर्षं त्या अंथरुणाला होत्या. त्यांचं न्हाणं-धुणं सगळं मी केलं, आणि अक्का, कपाळाला आठ्या घालून नाही केलं. म्हातारी फार गोड होती. रात्री पाय चेपताना मला जुन्या गोष्टी सांगायची आणि स्वतःच हसायची. दिवाळीनंतर त्या गेल्या तेव्हा माझ्या छातीत हुंदका असा दाटला की श्वास वर येईना. पण डोळ्यांतून काही म्हणजे काही आलं नाही. नुसती आग, मूठभर वाळू टाकल्यासारखी. तेवढ्यात वर्षातून एकदा कुरडया-पापडांच्या दिवसांत येऊन डबा भरून नेणारी माझी नणंद, केशरबाई, वेशीपासून हंबरडा फोडत आली आणि माझ्या गळ्यात पडली. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे, गळ्यात पडलेल्या बाईने आणि जिच्या गळ्यात पडली तिने, दोघींनी मिळून रडायचं असतं. केशरबाईंनी हंबरडा न थांबवता एका डोळ्याने माझं तोंड न्याहाळलं (ही कला त्यांनाच जमते) आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "माझी आई गेली, आन वहिनीच्या डोळ्याला टिपूस न्हाई!" झालं. दहाव्यापर्यंत सासूबाईंचं नाव कमी आणि माझ्या डोळ्यांचं नाव जास्त निघालं.

डोळे तर आधीपासूनच चुरचुरत होते, तोंड कोरडं पडत होतं, बोटांची पेरं ठणकत होती. मी म्हणायची, चुलीचा धूर. शेवटी ह्यांनी आधी नगरला आणि तिथून पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरांनी काय करावं? टिपकागदासारखी एक पट्टी माझ्या खालच्या पापणीत अडकवली आणि म्हणाले, बसा. मी कागद लोंबकळत बसले, आणि समोरच्या बाकावरचं एक पोर मला बघून हसून हसून आईच्या मांडीवरून घसरलं. पट्टी काढली तर कोरडी ठक्क. डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं, की रोगराईपासून आपली राखण करायला शरीरात जी फौज असते, ती माझ्या बाबतीत फितूर झाली आहे. माझ्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींना ती शत्रू समजते आणि झोडपते. सांधेही तिच्यामुळेच दुखतात. आजाराला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे, ते मला उच्चारता येत नाही. (तोंड कोरडं असलं की मला मराठीही नीट उच्चारता येत नाही.) हा जन्माचा सोबती आहे, पुरता बरा व्हायचा नाही, सांभाळून घ्यायचं. डोळ्यांत दिवसातून चार-सहा वेळा औषधाचे थेंब टाकायचे आणि सारखं घोट घोट पाणी प्यायचं. ऐकायला किती सोपं आहे, नाही?

गावात येऊन मी हे सगळं खरंखरं सांगितलं, हीच माझी चूक. ताप समजतो, खोकला समजतो, पण रडू न येण्याचा आजार म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावायला लागल्या. दहाव्यानंतर इथेच मुक्काम ठोकलेल्या केशरबाई म्हणाल्या, "पुन्याला जाऊन न रडायचं सर्टिफिकेट आनलंय." मी तर हल्ली जेवतानाही चारचौघींत बसत नाही. कालवण कमी पडलं तर भाकरीचा घास घशात गवंड्याने बसवल्यासारखा बसतो, मी डोळे पांढरे करते, आणि वाढणारीला वाटतं हिला आमचं जेवण गोड लागलं नाही.

पौषात भावकीतले पुंजाराम मामंजी वारले. आता त्यांच्या बायकोला, बनुबाईंना, भेटायला जायचं म्हणजे पुन्हा दारात गळ्यात पडणं आलं. मी विचार केला, डॉक्टरांनीच थेंब दिले आहेत, जरा वेळ साधून टाकले तर कुणाचं काय बिघडतं? म्हणून त्यांच्या गोठ्याआड उभी राहिले आणि दोन्ही डोळ्यांत चांगले सढळ हाताने टाकले. थेंब पातळ असते तर गोष्ट वेगळी होती. ते असतात खळीसारखे दाट. बनुबाईंच्या गळ्यात पडेपर्यंत ते माझ्या गालांवर उतरले आणि तिथेच वाळून त्यांचे पांढरे पापुद्रे झाले. बनुबाई बिचाऱ्या स्वतःचं दुःख विसरून "काय झालं तोंडाला?" म्हणून माझे गाल खरवडायला लागल्या. त्यातच ओच्यातली बाटली सटकन खाली पडली आणि गडगडत नेमकी केशरबाईंच्या पायाशी गेली. (भावकीतल्या सगळ्या बायका तिथे होत्या, पण बाटलीला दुसरे पाय दिसले नाहीत.) त्यांनी ती उचलली, उजेडात धरली आणि सगळ्यांना दाखवली. त्या दिवसापासून मी विकतचे अश्रू आणणारी बाई झाले. गंमत पुढे ऐक. आठवडा झाला नसेल, तोच गावातल्या दोन सुना, वेगवेगळ्या दिवशी, मागच्या दाराने येऊन मला हळूच विचारून गेल्या, की त्या बाटलीतलं थोडं मिळेल का, आमच्या घरातली म्हातारी आता फार दिवस काढायची नाही. नावं लिहीत नाही. थेंबही दिले नाहीत.

पण खरा उजेड पडला तो साखरपुड्याला. फाल्गुनात आम्ही सगळे केडगावला गेलो. पाणी सारखं लागतं म्हणून मी आपला फिरकीचा तांब्या, आईने मला लग्नात दिलेला, हातात धरलेला. ह्यांनी आधी बाटलीत पाणी न्यायला सांगितलं होतं, पण एकदा एस.टी.त मी बाटली तोंडाला लावली तेव्हा शेजारची बाई दारू समजून पोराला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती, म्हणून म्हटलं तांब्याच बरा. अक्का, तूच सांग, लोकांच्या घरी पाहुणी गेलेली बाई हातात तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, तर लोकांनी काय समजावं? विहीणबाई, छबूबाई, लगबगीने पुढे आल्या, माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाल्या, "चला, मागच्या अंगाला चला. लाजू नका, मी बी बाईच हाय." मला वाटलं घर दाखवताहेत. परसातून, बांधावरून, बाभळीच्या झुडपांपर्यंत नेलं आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. आता आलेच आहे तर काय करायचं म्हणून मी तिथे दोन घोट पाणी प्याले आणि परत आले. घरात आल्यावर तांब्यात पाणी कमी झालेलं दिसलं, म्हणून त्यांनी तो आपण होऊन भरून दिला. थोड्या वेळाने माझी जीभ टाळूला चिकटली, मी तांब्याकडे हात नेला, की पुन्हा दंड धरून बांधावर. तिसऱ्या खेपेला त्यांनी ओवा आणि मीठ हातावर ठेवलं आणि "प्रवासात व्हतं असं" म्हणून धीर दिला. मी सांगायला तोंड उघडत होते, पण ओवा तोंडात गेल्यावर उरलीसुरली ओलही गेली आणि शब्दच फुटेना.

मग सुपारी फुटली, पुष्पाला साडी दिली आणि बायकांनी मला नाव घेण्याचा आग्रह धरला. मी उखाणा सुरू केला. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत ह्यांचं नाव यायच्या जागी जीभ अशी चिकटली की नुसता 'टक्' असा आवाज आला. सगळ्या माझ्याकडे बघताहेत. मी काही विचार न करता तांब्याची फिरकी काढली आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्याले. जो तांब्या तीन वेळा बांधावर जाऊन आला होता, तो. अक्का, मग कुणीतरी "अगं बया!" म्हणालं आणि छबूबाईंनी पदराने स्वतःचंच तोंड झाकलं.

ह्यांनी मग आजाराचं सगळं सांगितलं. त्यावर मंडळी आणखी गंभीर झाली. पोरीला तर नाही ना, लागण तर होत नाही ना? हे म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेवढ्यात केशरबाईंनी (त्यांना नेलंच नसतं तर? पण आत्याशिवाय साखरपुडा कसा व्हायचा?) माझे डोळे, सासूबाई आणि बाटली हे सगळं क्रमाने सांगून टाकलं. छबूबाई मनाने वाईट नाहीत. तांब्याबद्दल मागाहून त्याच एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजार आसंल तर आसू द्या, पोरगी आमाला पसंत हाय. पर पाठवनीला काय करनार? आमची मंडळी लई बघत्यात. आईच रडली न्हाई तर म्हनतील, पोरगी जड झाली हुती म्हनून ढकलली. ते पोरीला जन्मभर ऐकावं लागतं."

आता बोल. मी माझ्यापुरतं सगळं ऐकून घेईन, दिवाळीपासून ऐकतेच आहे. पण माझ्या डोळ्यांचा टोमणा माझ्या लेकीने तिच्या सासरी का खायचा? तिने काय केलं आहे? मला त्या फितूर फौजेचा असा संताप येतो की वाटतं एकेकाला धरून खलबत्त्यात कुटावं. परवा दुपारी पुष्पाच्या केसांना तेल लावत होते. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मध्येच म्हणाली, "आई, तुला खरंच रडू येत नाही, की..." मी वेणी घातली, ती उठून पाण्याला गेली, आणि मी तेलकट हात तसेच घेऊन बसून राहिले.

असो. पत्र फार लांबलं. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आंबेमोहर तांदूळ थोडा मिळाला तर आण, नाही मिळाला तर नुसती ये. लोभ आहेच, तो उन्हाळ्यात आटू देऊ नको.

तुझी,
मुक्ता

ता. क. लग्नाला चार दिवस आधीच ये. तू आपल्याकडची रडण्यात पहिली. एस.टी. चुकली तरी तुला रडू येतं आणि तुझं एकटीचं पाणी दोन बायकांना पुरतं. पाठवणीच्या वेळी माझ्या शेजारीच उभी राहा, पुष्पा पाया पडून उठली की लगेच माझ्या गळ्यात पड आणि गाल माझ्या गालाला घट्ट लावून रड. दोघींचे चेहरे एकदम ओले दिसतील, कुणाचं पाणी कुठलं ते कोण तपासायला येतंय? केशरबाई येतील, पण त्यांना मी त्या वेळी जेवणघरात गुंतवून ठेवते. पदर मात्र मधे येऊ देऊ नको, तो सगळं टिपून घेतो.

ता. क. पुन्हा. वरचं जमलं तर कर, नाही जमलं तरी चालेल. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. पण आल्या आल्या पुष्पाला एकटीला घेऊन बस आणि आपली आई गेली तेव्हा मी कशी रडत होते ते तिला सांग. ते पाहिलेली आता तू एकटीच उरली आहेस. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई आपली बाजू सावरते आहे. तुझ्यावर ती विश्वास ठेवील. हे पत्र लिहिताना मी मध्येमध्ये थांबले आहे, अक्का. कागद उलटसुलट करून बघ, कुठे शाई फुटलेली दिसणार नाही. पण मी रडले आहे.